सुंठीच्या बिस्किटांचा पूर्वेतिहास व आत्याबाईंची वही

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा आम्हांस दरवर्षी होत असते. आणि जुनी देवळे, सनदा, कुलवृत्तान्त असले विषय घेऊन आम्ही ती यथामति पाळीत आलो आहो. यंदाचा विषय पाहून पुष्कळ वाचक बंधुभगिनी हसतील. विषय बिस्किटांचा आहे, आणि तीही आपल्याकडील नव्हेत. इंग्रज ज्यास जिंजरब्रेड म्हणतात, ती सुंठ घातलेली तपकिरी बिस्किटे नाताळच्या सुमारास मोठ्या शहरांतील बेकऱ्यांत माणसाच्या आकृतीची करून मांडलेली असतात. ती अनेकांनी पाहिली असतील. त्यांचा इतिहास पाचसहाशे वर्षांचा आहे. त्या इतिहासाशी आमच्या घराचा संबंध एका पाठकोऱ्या कागदांच्या वहीमुळे आला, आणि त्या वहीच्या बाबतीत आमच्या हातून एक अपराध घडला. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षे आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता. तो सांगितल्यावाचून पुढील इतिहासास अर्थ राहत नाही, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

आमच्या आत्याबाईंचे यजमान भुसावळ येथे रेल्वेत कारकून होते. त्या वेळची ती जी. आय. पी. रेल्वे, पुढे १९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली. त्यांच्या बिऱ्हाडासमोरच्या रस्त्यापलीकडे एक अँग्लो-इंडियन गार्ड सहकुटुंब राहत असे. गार्डाच्या मडमेस आत्याबाईंचे मिरचीचे लोणचे आवडे व आत्याबाईंस मडमेचे विणकाम शिकावयाचे होते. एवढ्या भांडवलावर त्या दोघींचा स्नेह जडला. मडमेपाशी तिच्या आईकडून आलेले पाकक्रियेचे एक इंग्रजी पुस्तक होते. पुठ्ठा गेलेला, शिवण सुटलेली, पुढची मागची पाने नाहीशी झालेली. त्यामुळे पुस्तकाचे नाव खुद्द तिलाही ठाऊक नव्हते. आत्याबाई सांगत की, नाताळ जवळ आला म्हणजे मडम ते पुस्तक टेबलावर कण्यावर उभे करी आणि हात काढून घेई. पुस्तक आपसूक उघडे ते नेमके सुंठीच्या बिस्किटांच्या पानावर, इतके ते पान वर्षानुवर्षे वापरलेले. लोण्याच्या डागांनी कागद पारदर्शक होऊन मागच्या पानावरची अक्षरे पुढे दिसत, आणि समासात मडमेच्या आईने पेन्सिलीने काही खुणा केलेल्या होत्या.

आत्याबाईंचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. इंग्रजीचा गंध नाही. मडम पुस्तकात पाहून मोडक्या हिंदुस्तानीत कृती सांगे, करून दाखवी, आणि आत्याबाई घरी येऊन त्याच संध्याकाळी आपल्या वहीत उतरून घेत. वही म्हणजे यजमानांच्या कचेरीतील रद्दीचे पाठकोरे कागद दोऱ्याने शिवलेले. तीत डिंकाचे लाडू आहेत, कळण्याच्या भाकरीचे पीठ आहे, बाळंतिणीचा काढा आहे, आणि मध्येच एका पानावर 'मडमेची सुठंवडी' आहे. अनुस्वार असा सरकलेला. १९४८ साली गार्डाचे कुटुंब इंग्लंडला निघून गेले. जाताना मडमेने आत्याबाईंस विणण्याच्या सुया दिल्या. पुस्तक मात्र बरोबर नेले. तिच्या आईचे होते ते. तिने ते नेले हेच योग्य.

पुढे आत्याबाईंस अकाली वैधव्य आले आणि १९५७ साली त्या एक ट्रंक घेऊन आमच्या घरी, धुळ्यास, भावाच्या आश्रयाला आल्या. आमचा जन्म त्यानंतरचा. थंडी पडली की मागील अंगणात त्या एका जाड पातेल्यात वाळू घालीत, वाळूवर पितळी ताटली ठेवीत, झाकणावर निखारे रचीत आणि सुंठवड्या भाजीत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी नानकटाई याच रीतीने होत असे त्यांस अधिक सांगावयास नको. प्रत्येक मुलास दोन मिळत. त्यांच्या खाटेखाली एक काळी बरणी असे. तिला आम्ही कधी हात लावला की, "अरे, औषध आहे ते," असे म्हणून त्या आम्हांस हाकलीत. त्या बरणीस पुढे या लेखात स्थान आहे.

१९८० साली आम्ही जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून लागलो. वय विशीचे, अंगात नव्या अधिकाराची ऊब, आणि शुद्धलेखनाचे १९६२ चे व १९७२ चे सारे नियम मुखोद्गत. त्या दिवाळीच्या सुट्टीत आत्याबाईंची वही आमच्या हाती पडली. तीत ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, 'एक' च्या ठिकाणी 'येक', नियमांनी रद्द केलेले अनुच्चारित अनुस्वार हवे तेथे व नको तेथेही. आम्ही तांबडी शाई घेतली आणि एका दुपारीत वही आरंभापासून अखेरपर्यंत तपासून टाकली. आत्याबाई शेजारीच तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. शेवटच्या लिहिलेल्या पानाखाली आम्ही शेरा दिला, 'अक्षर बरे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे', आणि खाली सही केली. वही त्यांच्या हाती दिली तेव्हा त्यांनी ती उलटून पाहिली व म्हणाल्या, "बरं केलंस बाबा. मला कुठं आबांनी शाळेत ठेवलं." त्या रागावल्या नाहीत. परंतु त्या दिवसानंतर वहीत एक अक्षरही लिहिलेले नाही. आमच्या शेऱ्यानंतरची अकरा पाने कोरी आहेत. ती पाने कोरी का, हा प्रश्न आम्हांस पडावयास फार वर्षे लागली.

हात चालत होते तोवर, म्हणजे १९८६ च्या सुमारापर्यंत, त्या सुंठवड्या करीत. १९९१ साली त्या निवर्तल्या. आमच्या कुटुंबाने, जी १९८७ साली या घरात आली, नंतर दोन-तीन वेळा वहीवरून तो पदार्थ करून पाहिला. पिठाचा गोळा जमेना; जमला तर भाजताना फुटे; खावयास अगोड आणि सोड्याने साबणासारखा. "आत्याबाईंच्या हाताला चव होती," असे म्हणून सर्वांनी विषय मिटविला. पुरुषाने स्वयंपाकघरात डोकावू नये, ही त्या काळची रीत होती व आम्ही तिचा पुरेपूर लाभ घेतला होता. सबब काय चुकले असावे हे सांगण्यास आम्हीही असमर्थ होतो.

दोन वर्षांपूर्वी आमची भाची जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरातून आली. तिकडे ती नोकरीस असते. तिने तेथील प्रसिद्ध लेबकूखन या बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. पहिला घास तोंडात जाताच आम्ही अंगणातल्या पातेल्यापाशी जाऊन पोहोचलो. चव तंतोतंत तीच नव्हे, पण भाऊबंदातली खास. सूनबाईंस आम्ही हे सांगितले. त्यांनी हौसेने मिसेस बीटन या इंग्रज बाईंच्या १८६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकातील जिंजरब्रेडची कृती मिळविली व आम्हांस मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. मैदा, लोणी, सुंठ, आणि 'ट्रीकल'. आम्ही त्यांस थांबविले. पुन्हा वाचावयास सांगितले. ट्रीकल. आम्ही उठून कपाटातून वही काढली.

आत्याबाईंनी लिहिले होते ते आमच्या तांबड्या रेघेखाली अद्याप वाचता येते. जसेच्या तसे देतो: 'मैदा अर्धाशेर सुंठ कुटुन येक तोळा दालचीनी लवंग थोडी त्रिकाळ लोणीं पावशेर सम ऊन करुन ओतणें सोडा येक चमचा मडम येक घालते आपण नको घट मळुन पातळ लाटुन पेल्यानी कापणें वाळुवर ठेउन खाली वर विस्तव.' यात विरामचिन्ह एकही नाही. 'त्रिकाळ लोणीं पावशेर सम ऊन करुन' हे वाचून आम्ही असे ठरविले होते की, बाईस 'त्रिवार' म्हणावयाचे आहे. आणि शब्द खोडून वर लिहिले होते, 'लोणी पाव शेर तीन वेळा सारखे ऊन करून'. वस्तुतः त्रिकाळ म्हणजे ट्रीकल. मडमेच्या तोंडून जसा ऐकू आला तसा, ओळखीच्या शब्दात बसवून, त्यांनी तो लिहिला होता. ट्रीकल आणि लोणी, दोन्ही पाव पाव शेर, एकत्र ऊन करून पिठात ओतावयाचे. मूळ कृतीत गोड पदार्थ तेवढा एकच. तो आम्ही काढून टाकला. आणि गोडाच्या जिनसेत गोड असे काहीच उरले नाही, हे आम्हांस दिसले नाही. 'येक' चे 'एक' मात्र दिसले. पेशवाईत 'ध' चा 'मा' झाल्याची कथा आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल! 'मडम येक घालते' याचाही उलगडा होतो. ती घाली ते अंडे. आत्याबाईंनी तो शब्द वहीतही येऊ दिला नाही.

यानंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. सूनबाईंनी इंग्रजी वाचावे, आम्ही टिपून घ्यावे, असा क्रम दीड वर्ष चालला. त्यातून जे हाती आले ते आता सांगतो.

सुंठीपासून सुरुवात करू, कारण ती आपल्याकडून गेलेली. संस्कृतात आल्यास शृंगवेर म्हणत. पंडित सांगतात की, हा शब्दच मुळात दक्षिणेतील 'इंजी' या द्राविडी शब्दावरून आलेला, आणि शिंगासारखे म्हणून शृंगवेर ही नंतर बसविलेली समजूत. तोच शब्द ग्रीकांत झिंगिबेरिस, लॅटिनात झिंगिबर आणि इंग्रजीत जिंजर झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन ग्रंथकाराने सुंठीचा उल्लेख केला असून, सुंठ म्हणजे मिरीच्या झाडाचे मूळ ही लोकांची समजूत चुकीची आहे, असे बजावले आहे. म्हणजे माल पोहोचला होता, झाड कोणी पाहिले नव्हते. मलबारच्या किनाऱ्यावरून सुंठ तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियास, तेथून व्हेनिसला आणि आल्प्स ओलांडून जर्मनीत जाई. ओले आले त्या प्रवासात टिकणार नाही; म्हणून युरोपास आले मुख्यतः सुंठीच्या रूपानेच माहीत. आपल्याकडे ती रामनवमीच्या सुंठवड्यात व काढ्यात जाते. तिकडे ती रोटीत गेली.

न्यूरेंबर्गचे भाग्य असे की, व्हेनिसकडून येणाऱ्या व्यापारी मार्गावर ते वसलेले आणि भोवती बादशाही अरण्य. त्या अरण्यात मधमाश्या पाळणारे पिढीजात लोक होते. मध दाराशी, मसाला वाटेवर. मग रोटी झाली नसती तरच नवल. तेथे लेबकूखन करणाऱ्याचा लेखी उल्लेख १३९५ सालचा आहे. १६४३ साली या भटाऱ्यांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला व त्यांचे नियम ठरले. कोणी करावे, कोणी करू नये, हे सारे. ज्ञातिसंस्थांच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. १४८७ साली बादशहा तिसरा फ्रेडरिक याने शहरातील सुमारे चार हजार मुलांस आपली मुद्रा उमटविलेली लेबकूखन वाटली, असे तेथे अभिमानाने सांगतात. लाकडी साच्यांत राजे, संत, घोडेस्वार कोरून त्यावर ही रोटी छापण्याची कला पोलंडमधील तोरून या गावीही फार वाढली. ज्योतिर्विद कोपर्निकस १४७३ साली जन्मला ते हेच गाव. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिने पाहुण्यांच्या आकृतीची बिस्किटे करविली व त्यापासून जिंजरब्रेडचा माणूस निघाला, अशी प्रसिद्धी आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या गोष्टींतील, भुकेल्या भावंडांस अरण्यात सापडलेले रोटीचे घर तर आपल्या मुलांसही ठाऊक असते.

परंतु आमचे लक्ष वेधले ते शब्दाने. जिंजरब्रेड या नावातील 'ब्रेड' हा मुळात ब्रेड नव्हेच! जुन्या फ्रेंच भाषेत 'जिंजब्रास' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ पाकात मुरविलेले आले, म्हणजे आपला आलेपाक. इंग्रजांच्या कानास शेवटचा 'ब्रास' परका वाटला. त्यांनी तो आपल्या ओळखीच्या 'ब्रेड' मध्ये बसविला. नाव ब्रेड पडल्यावर पदार्थही हळूहळू रोटीसारखा होत गेला. साऱ्या इंग्लंडने जे केले तेच आमच्या आत्याबाईंनी केले. इंग्रजांच्या चुकीस कोशात जागा मिळाली. आत्याबाईंच्या चुकीस आमची तांबडी शाई.

आता ट्रीकल. हा शब्द 'थेरियाका' या ग्रीक-लॅटिन शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ विषावरील उतारा असा आहे. रोमचा बादशहा नीरो याचा राजवैद्य अँड्रोमॅकस याने साठाहून अधिक द्रव्यांचा, सापाच्या मांसासह, मधात कालविलेला एक अवलेह सिद्ध केला; सुंठही त्यात असे. पुढे पंधराशे वर्षे युरोपात ते सर्व रोगांवरचे औषध मानले जाई. व्हेनिसमध्ये ते जाहीरपणे, लोकांच्या समक्ष तयार करीत, भेसळीची शंका राहू नये म्हणून. या औषधाचे नाव इंग्रजीत ट्रीकल झाले. सतराव्या शतकात लंडनमध्ये साखर शुद्ध करण्याचे कारखाने वाढले आणि साखर काढून उरलेला काळा पाक मुबलक व स्वस्त झाला. औषध विकणारे मधाऐवजी तोच पाक वापरू लागले. शेवटी औषध विस्मृतीत गेले आणि नाव पाकाला राहिले. आत्याबाई त्या काळ्या बरणीस औषध म्हणत, ते आम्हां पोरांस दूर ठेवण्याकरिता. परंतु शब्दाच्या इतिहासाकडे पाहता त्या खोटे बोलत नव्हत्या.

हा स्वस्त पाक आला कोठून, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर इतिहास गोड तेवढाच होईल. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत होते. इंग्रजांनी १६५५ साली जमैका बेट स्पेनपासून घेतले. स्पॅनिश लोकांनी त्याआधीच, सोळाव्या शतकात, आपल्या पूर्वेकडचे आले तिकडे नेऊन लावले होते. अशा रीतीने ऊस आणि आले दोन्ही एकाच बेटावर, त्याच गुलामांच्या हातून पिकू लागले. मध महाग होता तेव्हा जिंजरब्रेड श्रीमंतांच्या ताटात असे. ट्रीकल आल्यावर ते जत्रेत पैशाला मिळू लागले. सर्वसामान्यांच्या मुखी पडलेल्या त्या घासाची किंमत दुसऱ्यांनी दिली.

इंग्लंडातील जुने जिंजरब्रेड भाजीतही नसत. पंधराव्या शतकातील एक हस्तलिखित हार्लियन संग्रहात आहे. ते थॉमस ऑस्टिन यांनी १८८८ साली छापून प्रसिद्ध केले. त्यातील रीत अशी की, मध उकळून त्यात केशर, मिरी व दालचिनी घालावी, पावाचा चुरा घालून घट्ट करावे, थापून वड्या पाडाव्या, वर लवंगा खोचाव्या. तांबडा रंग हवा असल्यास रक्तचंदन घालावे. आपल्या घरातील कोणतीही वृद्ध बाई हे वाचून म्हणेल की, ही वडीच आहे. मौज पुढेच आहे. या जिंजरब्रेडच्या कृतीत सुंठ नाही! सुंठीवाचून खोकला गेल्याचे आपण ऐकतो; सुंठीवाचून सुंठवडी आम्ही प्रथमच पाहिली. नक्कल करणाऱ्याच्या हातून तो शब्द गळाला असावा, असे कित्येक अभ्यासक म्हणतात. कोणी म्हणतात, त्या काळी नावापुरतीच सुंठ असे. आम्ही पहिल्या पक्षाचे. एक शब्द कसा गळतो, हे आमच्याइतके कोणास ठाऊक!

अमेरिकेतील हकिकत याहून मर्मभेदक आहे. १७९६ साली हार्टफर्ड येथे अमीलिया सिमन्स या बाईंचे 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक निघाले. अमेरिकन व्यक्तीने लिहून अमेरिकेत छापलेले पाकक्रियेचे हे पहिले पुस्तक होय. मुखपृष्ठावर बाईंनी आपल्या नावापुढे 'एक अमेरिकन अनाथ' असे छापले आहे. डच लोकांकडून आलेला 'कुकी' हा शब्द छापील पाकपुस्तकात प्रथम येथेच आढळतो, आणि लाकडाच्या राखेतून काढलेला पर्लअ‍ॅश नावाचा क्षार पीठ फुगविण्यास वापरण्याची रीतही येथेच प्रथम छापली गेली. आपल्याकडे पापडखार असतो त्या जातीची वस्तू. जिंजरब्रेडचे अनेक प्रकार त्यात आहेत. परंतु काही प्रतींत बाईंचे एक निवेदन जोडलेले आहे. त्याचा आशय असा: ग्रंथ छापखान्यासाठी सिद्ध करण्याइतके आपले शिक्षण नव्हते, म्हणून ज्याच्याकडे काम सोपविले, त्याने आपल्याला न विचारता कित्येक कृतींतील अत्यंत आवश्यक जिन्नस गाळले आणि त्यांच्या जागी भलतेच घातले. हे सूनबाईंनी वाचले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या व आमच्याकडे न पाहता पान उलटले. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाथ बाईस निदान तक्रार छापण्यास जागा तरी मिळाली. त्या माणसाचा हेतू वाईट होता, असे बाईंनी म्हटले आहे. आमचा हेतू चांगला होता. बिस्किटे दोघांचीही सारखीच बिघडली.

मराठीत पाकक्रियेचे पुस्तक छापण्याचा आरंभ १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'ने झाला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र', कमलाबाई ओगले यांची १९७० ची 'रुचिरा' ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्या ग्रंथांविषयी विद्वानांनी लिहिले आहे. शिवलेल्या पाठकोऱ्या वह्यांविषयी कोण लिहिणार? त्या रद्दीत जातात, किंवा आमच्यासारखा एखादा त्या शुद्ध करतो.

गेल्या नाताळाच्या सुमारास, थंडीत, आम्ही आत्याबाईंच्या मूळ पाठाप्रमाणे सुंठवड्या करून पाहिल्या. ट्रीकल येथे मिळेना. परंतु आत्याबाईंनाही १९४८ नंतर ते कोठे मिळत होते? बरणीतली वस्तू काकवी असली पाहिजे. कोल्हापूरकडची काकवी आणविली. शेराचे माप गेले, म्हणून अर्ध्या शेरास साडेचारशे ग्रॅम मैदा धरला, काकवी व लोणी प्रत्येकी सव्वादोनशे ग्रॅम, साताऱ्याकडची सुंठ कुटून बारा ग्रॅम. काकवी व लोणी एकत्र ऊन करून मैद्यात ओतताच आमच्या कुटुंबाने लाटण्यासाठी हात पुढे केला, इतका गोळा सुरेख जमला. सोडा का बिघडत होता तेही कळले. काकवीत थोडी आम्लता असते. तिच्याशी सोडा मिळाला तर पीठ फुलते, आणि ती नसली तर सोडा तसाच राहून साबणाची चव येते. अंडे आम्हीही घातले नाही. ओव्हन घरात असूनही पहिली खेप वाळूच्या पातेल्यातच केली. चार काळी झाली, बाकीची साधली. चव आत्याबाईंच्या सुंठवडीचीच. आमच्या धाकट्या बंधूंनी एक खाल्ले, दुसरे मागून घेतले आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसले.

वहीतील तांबडी शाई आम्ही खोडलेली नाही. झाले ते झाले, आणि तेही त्या वहीचा इतिहासच आहे. 'त्रिकाळ' या शब्दाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात एवढेच लिहिले: 'ट्रीकल. काकवी चालते.' उरलेल्या अकरा पानांपैकी पहिल्यावर सूनबाईंनी आपल्या माहेरची एक कृती लिहिली आहे. तीत 'दूध' मधील 'दू' ऱ्हस्व आहे. ज्या सभासद कुटुंबांत अशा जुन्या वह्या असतील त्यांनी त्या ज्ञातिमंडळाच्या पुढील वार्षिक सभेस घेऊन याव्यात, अशी विनंती आम्ही चिटणिसांच्या संमतीने करीत आहो. आम्ही त्या केवळ पाहू व जशाच्या तशा उतरून घेऊ. शाई आमच्यापाशी निळी असेल. सुंठवड्यांचा एक डबा बरोबर आणूच.